48 व्होल्टच्या सर्व्हो सप्लायवरच्या (मशीनची सर्व्हो मोटर चालवायला लागणारा पॉवर सप्लाय) रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, सप्लाय उशिरा मिळाला आणि तुमचं मशीन बंद राहिलं त्याबद्दल मनापासून सॉरी. ट्रान्सफॉर्मरवर तार गुंडाळायचं, म्हणजे वाइंडिंगचं काम अडकलं होतं, फोनवर तसं कळवलं पण होतं.

पण 48 सांगून 66 व्होल्टचा सप्लाय गळ्यात मारला, फसवणूक केली, असं तुम्ही लिहिलं ते वाचून फार वाईट वाटलं. 48 हे ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचं, म्हणजे आउटपुटच्या वाइंडिंगचं एसी व्होल्टेज आहे, बिलावर पण तसंच लिहिलंय. ब्रिज (एसीचं डीसी करणारे डायोड) आणि कपॅसिटर लागले की डीसी त्याच्या 1.414 पट होतो म्हणजे 68 च्या आसपास, त्यातले दीड-दोन व्होल्ट ब्रिजमध्ये पडतात, उरले 66. तुमचा मीटर बरोबरच दाखवून राहिला, लोड आला की अजून थोडं खाली येईल. तुमच्या ड्राइव्हवर (मोटर कंट्रोल करणारं सर्किट) मॅक्स 80 व्होल्ट डीसी लिहिलंय, तो फोटो तुम्हीच पाठवला होता. उलट तुम्हाला मोटरचा जास्त स्पीड पाहिजे होता म्हणून तुम्ही 55 ची सेकंडरी मागत होते आणि मीच नाही म्हटलं, कारण मेन लाईन 230 वरून 250 वर गेली की 55 वाला 82 च्या वर जातो, ड्राइव्ह उडतो, आणि 48 वाला तेव्हाही 72 च्या आसपासच राहतो. मोठा ट्रान्सफॉर्मर विकून मला जास्तच पैसे मिळाले असते ना सर.

ऑनलाइन एसएमपीएस (मोठ्या ट्रान्सफॉर्मरशिवायचा हलका इलेक्ट्रॉनिक सप्लाय) अर्ध्या भावात मिळतो हे खरं आहे, पण तुमच्याकडे तोच तर होता. मोटर झटक्यात थांबते तेव्हा ती जनरेटरसारखी करंट उलटा सप्लायमध्ये ढकलते, व्होल्टेज चढतं आणि एसएमपीएस ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो, म्हणून तर तुम्ही हिंगण्याहून सीताबर्डीला आमच्याकडे आले. आमचे मोठे कपॅसिटर तो करंट सांभाळून घेतात, आणि वाइंडिंग पूर्ण तांब्याचं आहे, त्याचे पैसे लागतात.

दुकान छोटं आहे, एमआयडीसीतली कामं एकमेकांच्या सांगण्यावरूनच येतात, त्यात फसवणूक लिहिलेलं दिसलं की नवीन माणूस फोनच करत नाही.

पुढे डब्यावर एसी-डीसी दोन्ही व्होल्टेजचं स्टिकर लावू, टाइमचं पण बघतो. आणि गरम होते म्हणून ज्या रेझिस्टन्सला तुम्ही डिफेक्ट म्हटलं ती प्लीज काढू नका, स्विच बंद केल्यावर कपॅसिटर तीच खाली करते, नाहीतर टर्मिनलला हात लागला तर झटका बसू शकतो. रविवारी सांगा, मी स्वतः मीटर घेऊन येतो आणि मशीन चालवून लोडवरचं व्होल्टेज दाखवतो, त्याचा काही चार्ज नाही.