आत्याची यादी आणि आजोबांची वही

सकाळी सकाळी घरच्या ग्रुपवर आत्याचा मेसेज. ‘हिंदीत घुसलेले उर्दू शब्द, आजपासून बंद.’ खाली ही लांबलचक यादी. किताब नाही, पुस्तक. बुखार नाही, ज्वर. आठ जणांनी हात जोडले. माझा चहा तिथंच निवला.

आत्याच्या वडिलांची, म्हणजे माझ्या आजोबांची वही माझ्या कपाटात आहे. आम्ही परभणीकडचे. आजोबांची शाळा निजामाच्या राज्यात, उर्दूतून. १९४८ साली निजाम गेला, पण आजोबांचा हात उजवीकडून डावीकडेच चालत राहिला. बोलणं मराठी, वही उर्दू. ते गेल्यावर गल्लीतल्या शिंपी चाचांकडून ती वाचून घेतली. शेजारी आजी, शाळेची पायरीही न चढलेली. चाचा वाचत होते : ‘आज बारिश नहीं. कपास का भाव गिरा. लड़की को बुख़ार.’ आजीनं एकदाही ‘म्हणजे काय?’ विचारलं नाही.

आता सांगा, ही हिंदी की उर्दू? लिपी न बघता सांगा! बारिश, बुखार परके म्हणून हाकलाल. मग ‘को’, ‘का’, ‘गिरा’, ‘नहीं’ यांची वाटणी कशी करणार? आणि ‘हिंदी’ हा शब्दच फारसीतला. तो नाही दिसला यादीत. प्रेमचंद आधी उर्दूत लिहायचे, नंतर हिंदीत. त्यांचं काय करायचं, अर्धे ठेवायचे?

हो, महाराजांनी फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, माहीत आहे. आजोबांनाही उर्दू कुणी विचारून शिकवली नव्हती, तेही मान्य. पण तो राग दरबारावर काढा ना. बुखारानं काय घोडं मारलंय?

अकोल्याकडं पातूरला नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीसोबत उर्दू होती, तर प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात. एप्रिल २०२५ मध्ये कोर्टानं सांगितलं, उर्दू इथंच जन्मलेली भाषा आहे, तिच्या शब्दांवाचून रोजची हिंदी बोलताच येत नाही. हे कोर्टानं सांगायचं! वकील, तारीख, दावा, अर्ज... सगळा लवाजमा त्याच घरचा घेऊन गेले होते भांडायला.

दुपारी जरा निवळलो. वहीतली ‘लड़की’ म्हणजे आत्याच. तिला त्या पानाचा फोटो पाठवला आणि खाली मजकूर देवनागरीत लिहिला. दोन मिनिटांत फोन. यादीबद्दल अवाक्षर नाही.

‘अण्णांनी माझा ताप लिहून ठेवलाय?’ बराच वेळ गप्प. मग म्हणाली, ‘दुसऱ्या दिवशी काय लिहिलंय रे?’

मला कुठं वाचता येतंय. उद्या वही घेऊन चाचांकडं जातोय.