रोमचा खुर्दा कोणाच्या हातात होता?

प्राचीन रोममध्ये नाणी केवळ श्रीमंतांकडे व सैनिकांकडे असत, सामान्य माणूस धान्य-तेलाच्या अदलाबदलीवर जगे आणि तांब्या-काशाची लहान नाणी सम्राटाच्या प्रचारापुरतीच पाडली जात, असा मजकूर सध्या समाजमाध्यमांवर फिरत आहे. पुराव्यासमोर यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

अदलाबदलीचा मुद्दा आधी घेऊ. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पॉम्पेई शहरात एका भिंतीवर रोजच्या खर्चाची टिपणे कोरलेली सापडली. त्यांत एका दिवसाच्या नावावर चीज १, पाव ८, तेल ३ आणि मद्य ३ आस (आस हे रोमचे तांब्या-काशाचे लहान नाणे) असा हिशेब असून गुलामासाठी घेतलेला २ आसचा पाव वेगळा मांडला आहे. त्याच शहरातल्या एका गुत्त्यात १ आसला साधे मद्य, २ आसला त्याहून बरे आणि ४ आसला उंची फालेर्नियन मद्य मिळेल, असे लिहिलेले होते. खेड्यांत जमिनीचा खंड धान्याच्या रूपात दिला जाई हे मान्य. पण त्यावरून शहरातला ग्राहक रोकड वापरत नसे, हे सिद्ध होत नाही.

लहान नाणी प्रचारापुरतीच होती, या दाव्याच्या तर सैनिकांचे उदाहरण उलटच जाते. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात सैनिकाला वर्षाला २२५ देनारिअस (चांदीची नाणी) मिळत आणि एका देनारिअसचे १६ आस होत. साहजिकच किरकोळ खरेदीसाठी मोड लागे. ऱ्हाईन नदीकाठच्या छावण्यांत नेमाउसस (आजचे फ्रान्समधील नीम) इथे पाडलेले आस मधोमध तोडलेले सापडतात. या नाण्यावर ऑगस्टस व त्याचा सेनापती अग्रिप्पा यांचे चेहरे पाठीला पाठ लावून असल्यामुळे घाव दोघांच्या मधून घातला जाई आणि प्रत्येक तुकडा अर्ध्या आसच्या भावाने चाले. ज्या नाण्याचे लोक बेधडक दोन तुकडे करत, ते त्यांच्या रोजच्या गरजेचेच होते, असे मला वाटते.

प्रचाराच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे. सम्राट कॅलिगुलाने विक्रीवरचा दोनशेवा हिस्सा कर माफ केला, तेव्हा त्याची खूण मुक्ततेच्या टोपीसह (गुलामगिरीतून सुटलेल्याची टोपी) क्वाड्रन्स या सर्वांत लहान नाण्यावर आली. पण हा संदेश पोहोचण्यासाठी ते नाणे आधी बाजारात हातोहात फिरायला हवे. शिवाय साम्राज्य स्थापन होण्यापूर्वीच पॉम्पेईत एबुसस (आजचे इबिझा) व मासालिया (आजचे मार्सेय) या दूरच्या शहरांच्या लहान नाण्यांच्या नकला पाडून वापरल्या जात होत्या, आणि तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटन व गॉलमध्येही (साधारण आजचा फ्रान्स) स्थानिकांनी खुर्द्यासाठी ओबडधोबड नकली नाणी मोठ्या प्रमाणावर पाडली. या नकलांमागे सम्राटाची आज्ञा नव्हती.