घारींचा बंदोबस्त करा, म्हणे!

परवा सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, 'गच्चीवर घारी फार झाल्यात, कुणाला तरी बोलावून बंदोबस्त करा.' झालं होतं असं, की तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या हातातली मटणाची पिशवी घारीनं उचलली. मलाही वाईट वाटलं, हल्लीचे भाव बघता जरा जास्तच. पण राहायचं मुंबईच्या गोवंडीत, १९२७ पासून शहराचा कचरा झेलणारं देवनारचं डम्पिंग जवळ, कत्तलखानाही जवळ, आणि घार तेवढी नको?

'घार फिरते आकाशी, लक्ष तिचे पिल्लापाशी' म्हणतात. आमच्याकडच्या घारीचं अर्धं लक्ष कचऱ्याच्या डंपरपाशी असतं. ऊन तापलं की कचऱ्याच्या डोंगरावर घिरट्या सुरू. आतडी, कोंबडीची घाण, मेलेले उंदीर, सगळं उचलतात. पगार नाही, सुट्टी नाही.

'फार झाल्यात' ऐकलं की मला गिधाडं आठवतात. मलबार हिलच्या डोंगरवाडीवर, म्हणजे पारशी लोक मृतदेह गिधाडांसाठी ठेवतात तिथं, वडिलांच्या पिढीनं ती पाहिलेली. तीही तेव्हा 'फार'च होती, म्हणून फारशी कुणाला मोजावीशी वाटली नाहीत. १९९०च्या दशकात पांढऱ्या पाठीची गिधाडं झपाट्यानं मरू लागली आणि पुढच्या काही वर्षांत देशातली ९९ टक्क्यांहून जास्त संपली. उपासमारीनं नाही. गुरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मढ्यात उरायचं, ते खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी. कारण कळायला २००३-०४ उजाडलं, जनावरांसाठी बंदी आली २००६ला. तोवर डोंगरवाडीत गिधाडांच्या जागी मृतदेह सुकवायला सौर आरसे बसवायची वेळ आली होती.

डम्पिंग घारींसाठी ठेवा, असं मी म्हणत नाही. २०१६च्या आगीचा धूर मी छातीत घेतलाय, ते जायलाच हवं. पण कचऱ्याचे डोंगर उपसण्याआधी घारी मोजा. औषधं, सुया, उंदीर मारायचं विष ओल्या कचऱ्यात टाकू नका. आणि नायलॉनचा मांजा विकणाऱ्याला पकडा, संक्रांतीला पंख तोच कापतो. आसाममध्ये गुवाहाटीजवळ वन्यजीव अभ्यासक पूर्णिमादेवी बर्मन यांच्यासोबत गावच्या बायका हरगिल्ला या मोठ्या करकोच्याची घरटी राखतात. तो पक्षीही तिथल्या कचऱ्यावर पोट भरतो. आम्हाला आवारातलं एक नारळाचं झाड राखता येत नाही?

त्या नारळावर घारीचं घरटं आहे. निळी दोरी, चिंध्या, कुणाच्या तरी बनियनचा तुकडा. ग्रुपवर मी लिहिलं, वन्यजीव कायदा आहे, घरट्याला हात लावता येणार नाही. काकूंनी उत्तर दिलं नाही. रविवारी मात्र मटण आणताना त्या उघडी छत्री घेऊन आल्या. ऊन नव्हतं.