"परागकण कुठूनही उडून येतात, त्यावरून कसलं हवामान सांगता?" या फॉरवर्डला उत्तर

सध्या एक मेसेज फिरतोय. गाळातल्या परागकणांवरून जुनं हवामान आणि थरांचं वय सांगतात ते सगळं थोतांड आहे, कारण परागकण कुजतात, वाऱ्याने कुठूनही येतात, ग्रँड कॅन्यनच्या 100 कोटी वर्षांहून जुन्या दगडातसुद्धा पाइनचे परागकण सापडलेत आणि वय काढायची पद्धतच गोल गोल आहे (थराचं वय कणावरून आणि कणाचं वय थरावरून), असा त्याचा एकूण सूर. चांगली शिकलेली माणसं हे पुढे ढकलतायत म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

पहिला मुद्दा, कुजतात. परागकणाच्या आतला जिवंत भाग कुजतो, हे खरंय. पण बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचं असतं आणि ते इतकं चिवट असतं की लॅबमध्ये गाळातली वाळू हायड्रोफ्लोरिक ॲसिडने विरघळवून टाकतात तरी कवच शाबूत राहतं. त्याचा शत्रू ऑक्सिजन, म्हणून नमुने तळ्याच्या तळाचे, दलदलीचे, खाडीच्या चिखलाचे घेतात. आपली काळी माती यासाठी फारशी कामाची नाही, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, वरची माती खाली जाते आणि थरच राहत नाहीत.

दुसरा, वाऱ्याने येतात. हो, पाइनचा कण शेकडो किलोमीटर जातो, त्याला दोन हवेच्या पिशव्याच असतात. उलट आंब्यासारख्या, कीटकांवर अवलंबून असलेल्या झाडाचे कण गाळात फार कमी सापडतात. पण हे अभ्यासकांना माहीतच नाही असं मेसेजवाल्याला का वाटलं? आजच्या जंगलातलं शेवाळ, आजच्या तळ्याचा वरचा चिखल तपासून कुठलं झाड गाळात किती जास्त किंवा कमी दिसतं ते आधी बघतात आणि मग जुने थर वाचतात. एका कणावर कोणी काही ठरवत नाही, एकेका नमुन्यात शक्यतो दोन-तीनशे कण मोजतात आणि संपूर्ण मिश्रण कसं बदलत गेलं, म्हणजे आसपासची झाडं आणि त्यावरून पाऊसपाणी कसं बदललं, ते पाहतात.

मर्यादा आहेतच. गवतांचे कण एकमेकांसारखे दिसतात आणि झाडं कमी झाली ती पाऊस घटल्याने की माणसाने तोडल्याने हे नुसत्या परागावरून नेहमी कळत नाही. राजस्थानात सांभर, डीडवाना, लूणकरणसरच्या तळ्यांवर गुरदीप सिंग यांनी 1970 च्या दशकात मोठं काम केलं, त्यावरून सिंधू संस्कृतीचा ऱ्हास कोरड्या हवामानाशी जोडला गेला. पण 1999 मध्ये लूणकरणसरच्या गाळाच्या नव्या अभ्यासात दिसलं की ते तळं सिंधूची मोठी शहरं भरभराटीला यायच्या आधीच आटलं होतं. म्हणजे निष्कर्ष तपासला गेला आणि बदलला, तोही त्याच तळ्याचा गाळ वाचून.

आता ग्रँड कॅन्यन. 1966 मध्ये क्लिफर्ड बर्डिक यांनी तिथल्या हाकाताई शेल नावाच्या खडकात परागकण मिळाल्याचं छापलं, मेसेजमधला दावा तोच (तो खडक बनला तेव्हा जमिनीवर झाडंच नव्हती, म्हणून त्याचा एवढा गाजावाजा). पण पुढचं मेसेजमध्ये नाही. आर्थर चॅडविक हे स्वतः बायबलमधली सृष्टीची कथा मानणारे, म्हणजे दावा खरा निघाला असता तर त्यांना आनंदच झाला असता, त्यांनी त्याच खडकाचे नमुने काळजीपूर्वक गोळा करून पुन्हा तपासले आणि 1981 मध्ये लिहिलं की खरे परागकण एकही मिळाले नाहीत. आजच्या हवेतले कण दगडाच्या फटीत शिरतात, लॅबमध्येही पडतात. म्हणूनच दगडाचा बाहेरचा भाग काढून टाकतात, सोबत एक कोरा, म्हणजे दगडच नसलेला, नमुनाही सगळ्या प्रक्रियेतून नेतात, आणि कणाचा रंगही बघतात. जमिनीत खोल तापलेलं कवच पिवळ्याचं तपकिरी आणि शेवटी काळं होतं (तेल कंपन्या याच रंगावरून खडक किती तापलाय ते ओळखतात), त्यामुळे खूप तापलेल्या जुन्या दगडात फिकट पिवळा कण दिसला की संशय घ्यायचाच.

हीच गल्लत आपल्याकडे फार मोठ्या माणसाकडून झालीय. बिरबल सहानी, ज्यांच्या नावाची लखनौची संस्था आज या विषयातली देशातली प्रमुख संस्था आहे, त्यांना 1940 च्या दशकात आता पाकिस्तानात असलेल्या पंजाबातल्या सॉल्ट रेंज या डोंगररांगेत, म्हणजे आपलं शेंदेलोण जिथून येतं त्या खेवड्याच्या थरांत, वनस्पतींचे सूक्ष्म अवशेष मिळाले आणि त्यांनी ते थर इओसीन, म्हणजे साधारण 5 कोटी वर्षांपूर्वीचे ठरवले. प्रत्यक्षात ते 50 कोटी वर्षांहून जुने निघाले, अवशेष नंतर आत शिरलेले होते. मेसेजवाला म्हणेल, बघा! पण चूक पकडली कोणी? खडकांचा क्रम वाचणाऱ्या भूशास्त्रज्ञांनीच ना!

राहिला गोल गोलचा मुद्दा. परागकण सहसा स्वतःहून वर्षांचा आकडा देत नाही. साधारण 50 हजार वर्षांपर्यंतच्या गाळाचा आकडा त्याच गाळातल्या सेंद्रिय पदार्थाच्या रेडिओकार्बनवरून येतो, त्याहून जुन्यासाठी बहुतेकदा ज्वालामुखीची राख किंवा लाव्हा लागतो. दख्खनच्याच लाव्ह्याचं बघा, दोन थरांच्या मधे अडकलेल्या तळ्यांच्या गाळात काही ठिकाणी अक्विलापोलेनाइट्स नावाचे परागकण आणि अझोला क्रेटासिया या पाण्यावरच्या नेच्याचे बीजाणू मिळतात, जे जगात इतरत्र डायनासोरच्या शेवटच्या काळातल्या थरांत सापडतात. आणि त्या बेसाल्टचं वय आर्गॉन आणि युरेनियम-शिसे या किरणोत्सारावर आधारलेल्या पद्धतींनी, एकही परागकण न बघता, साधारण 6.6 कोटी वर्षं येतं.