‘दलाली’ या शब्दाला उत्तर, आणि मग एसएमपीएसला

‘साठ हजारांत गेमिंग पीसी’ या लेखावर आलेली ही प्रतिक्रिया. त्या लेखात मी एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटवरचं मशीन सुचवलं होतं आणि एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, वेगळा घ्यायला सांगितलं होतं. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी ती जशीच्या तशी देतो:

“कॅबिनेटबरोबर एसएमपीएस येतोच की. आमच्या ऑफिसात पाच वर्षं चालतोय. त्यावर वेगळे तीन-चार हजार घालायला लावणं ही दुकानदारांची दलाली आहे. एएम४ संपलेला प्लॅटफॉर्म, तो आज कशाला सुचवता? बी४५० बोर्डावर ५६०० बसवून पाहिलाय का कधी? आमचा सुरूच झाला नाही. पोरांना घाबरवणं बंद करा.”

नमस्कार. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, त्यामुळे नुसतं ‘तुम्ही’ म्हणतो.

कुठला पार्ट घ्यावा यावर मतभेद असायलाच हवेत, त्यासाठीच खाली प्रतिक्रियांची जागा ठेवली आहे. पण ‘दलाली’ हे मत नव्हे, तो पैसे खाल्ल्याचा आरोप आहे. या ब्लॉगवर एकही जाहिरात नाही, खरेदीची एकही लिंक नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तापकीर गल्ली, एकाही दुकानाचं नाव मी आजवर घेतलेलं नाही. उलट त्याच लेखात ठळक अक्षरांत लिहिलंय की या मशीनला ६५० वॉटचा एसएमपीएस घेऊ नका, चांगल्या बनावटीचा ४५० पुरतो. दलाली करणारा माणूस गिऱ्हाइकाला छोटी वस्तू घ्यायला सांगतो का? ती ओळ तुम्ही वाचली असती, तर हा शब्द लिहिताना हात अडखळला असता. सतरा वर्षं मी मशीन जोडतोय आणि लोकांची बंद पडलेली उघडतोय. त्या सतरा वर्षांत माझ्याबद्दल हा शब्द कुणी वापरला नव्हता.

तुमचा एक मुद्दा मात्र बरोबर आहे, तो आधी मान्य करून टाकतो. बी४५० हे एएम४ चे मदरबोर्ड २०१८ चे, रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर आला २०२२ मध्ये. जुन्या स्टॉकमधल्या बोर्डात जुना बायोस (बोर्ड सुरू करणारा आतला प्रोग्रॅम) असतो आणि त्याला हा प्रोसेसर ओळखता येत नाही. पंखे फिरतात, स्क्रीन काळीच राहते. ही ओळ लेखात असायला हवी होती, आज घातली आहे. बॉक्सवर ‘रायझन ५००० रेडी’चा स्टिकर असेल तर प्रश्न नाही. नसेल तर बिल करण्याआधीच दुकानात बायोस अपडेट करून मागा, कारण त्यांच्याकडे जुना रायझन हाताशी असतो. बोर्डाला बायोस फ्लॅशबॅकचं, म्हणजे प्रोसेसरशिवाय बायोस बदलायचं बटण असेल तर घरीही होतं: पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइलला मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव द्या, एसएमपीएसची २४ पिन आणि प्रोसेसरची ८ पिन केबल बोर्डाला जोडा, ठरावीक यूएसबी खाचेत पेनड्राइव्ह लावून बटण दाबा. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज जाता कामा नये. तुमचा प्रोसेसर बहुधा धडधाकट आहे, परत करायची घाई करू नका.

आता ‘एसएमपीएस येतोच की’ या वाक्याकडे येतो. हे वाक्य रोज कुठल्या ना कुठल्या काउंटरवर बोललं जातं आणि त्याच्या भरवशावर महागडं ग्राफिक्स कार्ड टांगलं जातं.

कॅबिनेटबरोबर आलेल्या डब्यावर ‘४५० वॉट’ छापलेलं असतं. तो आकडा बाजूला ठेवा आणि लेबलवर १२ व्होल्टचा रकाना शोधा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात. ३.३ आणि ५ व्होल्टवर कितीही ॲम्पियर लिहिलेले असोत, गेमिंगला त्यांचा उपयोग नाही. १२ व्होल्टचे ॲम्पियर गुणिले १२, एवढीच खरी ताकद. चांगल्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर ३६ ॲम्पियर लिहिलेलं असतं, म्हणजे ४३२ वॉट. फुकट आलेल्या डब्यावर १६ लिहिलं असेल तर झाले १९२ वॉट, बाहेर ४५० छापलेलं असलं तरी. काही लेबलांवर १२ व्होल्टचे दोन रकाने असतात. त्या दोघांची बेरीज करू नका, खाली एकत्रित वॉट दिलेले असतात ते बघा. एकत्रित आकडाच दिलेला नसेल, तर डबा भरवशाचा नाही हेच उत्तर समजा.

आता लेखातल्या मशीनचा हिशोब. आरएक्स ६६०० या ग्राफिक्स कार्डाचं बोर्ड पॉवर, म्हणजे अख्ख्या कार्डाला लागणारी वीज, १३२ वॉट. ५६०० भर लोडवर ऐंशीच्या आसपास. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून चाळीस-पन्नास धरा. झाले साधारण २६० वॉट. ४३२ मध्ये हे आरामात बसतं, १९२ मध्ये बसत नाही. शिवाय कार्ड संथपणे वीज ओढत नाही. गेममध्ये दृश्य बदललं की काही मिलिसेकंद त्याची मागणी छापील आकड्याच्या बरीच वर जाते. चांगला एसएमपीएस ती उसळी पचवतो. हलका असेल तर व्होल्टेज कोसळतं आणि मशीन एका झटक्यात रीस्टार्ट होतं.

पुढे काय होतं तेही सांगतो, कारण खरं नुकसान तिथे होतं. डेस्कटॉपवर सगळं ठीक, ब्राउझर ठीक, गेम लावला की दहा मिनिटांत रीस्टार्ट. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसतं. ती नोंद फक्त मशीन नीट बंद न होता गेल्याचं सांगते, का गेलं ते सांगत नाही. मग ड्रायव्हर पुन्हा टाकला जातो, विंडोज पुन्हा टाकली जाते, रॅम बदलली जाते, शेवटी कार्ड वॉरंटीत पाठवलं जातं आणि ‘दोष आढळला नाही’ म्हणून परत येतं. हे टाळायचं तर आधी गेमचे फ्रेम सेकंदाला ४० वर बांधून पाहा. मशीन टिकलं तर संशय एसएमपीएसवर घ्या आणि ओळखीच्या कुणाचा तरी चांगला एसएमपीएस लावून खात्री करा. बाकी काही विकत घेण्याआधी एवढं कराच.

कन्व्हर्टर वायरचं प्रकरण तर याहून वाईट आहे. फुकटच्या डब्याला कार्डासाठीची ८ पिन केबल बहुतेक वेळा नसतेच. मग दुकानातून हार्डडिस्कसाठीच्या दोन साटा कनेक्टरांची एक ८ पिन करणारी वायर मिळते. साटा कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड ॲम्पियर, म्हणजे साडेचार ॲम्पियर, म्हणजे ५४ वॉट. दोन धरल्या तरी १०८. आणि कार्ड ८ पिनमधून १५० वॉटपर्यंत मागू शकतं असं मानूनच ती जोडणी आखलेली असते. कनेक्टर आधी गरम होतो, मग पिवळा पडतो, मग वितळतो. तुम्ही याला घाबरवणं म्हणता. मी पिनांना ठरवून दिलेले ॲम्पियर वाचून दाखवतोय.

“पाच वर्षं चालतोय” हा तुमचा पुरावा. कुठल्या मशीनवर? ऑफिसात! टायपिंगच्या, कार्ड नसलेल्या मशीनला ऐंशी वॉटसुद्धा क्वचित लागतात. तिथे तो डबा दहा वर्षं चालेल, त्याबद्दल माझी तक्रारच नाही. सायकलच्या कॅरियरवर पाच वर्षं डबा नेला म्हणून त्यावर उद्या पोतं ठेवता येत नाही.

मागच्या बाजूला ११५/२३० चं लाल बटण आहे का तेही बघा. असेल तर आत ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून वीज नीट ओढून घेणारं सर्किट) नाही असं खुशाल समजा, आणि ते बटण चुकून ११५ वर गेलं तर आपल्या वीजपुरवठ्यावर चालू करताच धमाका होतो. ॲक्टिव्ह पीएफसीवाले बहुतेक एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात, त्यामुळे पावसाळ्यात गावाकडे व्होल्टेज १७० वर आलं तरी मशीन तग धरतं. ‘८० प्लस’च्या शिक्क्याबद्दलही गैरसमज आहे. तो कार्यक्षमतेचा शिक्का आहे. किती वीज वाया जाते तेवढं तो सांगतो. शॉर्टसर्किट, जादा करंट, जादा व्होल्टेज यांपासून संरक्षण आहे की नाही ते तो सांगत नाही, ते माहितीपत्रकात वेगळं शोधावं लागतं.

यूपीएसचंही इथेच सांगून टाकतो, कारण प्रश्न हमखास येतो. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट. २६० वॉटचं मशीन भिंतीतून तीनशेच्या वर ओढतं, त्यात मॉनिटर मिळवला की तो अगदी काठावर येतो. गेम चालू असताना वीज गेली तर तो बीप करून बसेल. १ केव्हीएचा, म्हणजे १००० व्हीएचा घ्या. आणि नवा एसएमपीएस लावल्यावर कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर एसएमपीएस परत करू नका. आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून येणारा तो किंचित करंट अर्थिंगमध्ये जायला हवा. झिणझिण्या येतात याचा अर्थ तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही. वायरमनला बोलवा.

एएम४ बद्दल: त्यानंतर आलेल्या एएम५ ला डीडीआर५ ही नवी रॅम लागते, बोर्डही महाग. साठ हजारांत ते बसवायचं तर कार्ड खाली उतरवावं लागतं, आणि गेम कार्डावर चालतो. ज्याचं बजेट ऐंशीच्या वर आहे त्याने खुशाल एएम५ घ्यावं. लेख त्याच्यासाठी नव्हता, हे शीर्षकातच आहे. यावर याहून जास्त लिहायची मला गरज वाटत नाही.

आणि ‘पोरांना’ हा शब्द. इथे वाचणाऱ्यांत पहिल्या पगारातून मशीन जोडणारे आहेत, मुलांसाठी आकडे टिपून घेणारे आईवडीलही आहेत. त्यांना हिशोब कळतो, म्हणूनच मी हिशोब मांडतो. तुम्हाला तो चुकीचा वाटत असेल तर शब्द नकोत, आकडे द्या. तुमच्या ऑफिसातल्या त्या डब्याच्या लेबलवर १२ व्होल्टसमोर किती ॲम्पियर लिहिलेत, आणि त्याला कार्डासाठी ८ पिनची स्वतःची केबल आहे का, एवढं खाली लिहा. तो आकडा तीसच्या वर निघाला, तर तुमचा डबा चांगला आहे असं याच पानावर लिहीन.