आधी रंगवा, मग बघू

सिटीज स्कायलाइन्स हा शहर वसवायचा गेम नवीन घेतलाय? अभिनंदन. आता पहिलं काम म्हणजे गेम पॉज करा, कारण नगररचना ही शांतपणे, माणसं यायच्या आधीच उरकून टाकायची गोष्ट आहे. समोर साधारण दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटरचा हिरवागार तुकडा, हायवेला एक फाटा, बाजूनं नदी आणि खिशात ७०,०००. सातबारा कोणाच्या नावावर, एनए झालंय का, काकांची वाटणी मिटली का, हरकती-सूचनांना कोणी वेळ दिला का, असली कटकट नाही. जमीन तुमची, नदी तुमची, वारासुद्धा तुमचाच.

रस्ते मारायला पैसे पडतात पण झोन रंगवायला एक दमडी पडत नाही, म्हणून रंगवताना हात आखडता घेऊ नका. हिरवा म्हणजे घरं, निळा म्हणजे दुकानं, पिवळा म्हणजे कारखाने. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार चौकटी रंगवता येतात, त्यामुळे आठ चौकटी सोडून पुढचा रस्ता, परत आठ सोडून पुढचा, असं करत गेलात की ठिपक्यांची रांगोळी तयार होते. मधे टेकडी येईल, तिच्याकडे लक्ष देऊ नका. वरून बघितलं की कसं दिसतं, हा एकमेव निकष, कारण तुम्ही वरूनच बघणार आहात, दूध आणायला खाली थोडीच जायचंय.

हायवेला जोडणारा रस्ता एकच ठेवा. एकच. गावाची वेस कशी एकच असते तशी. आणि हा गेम ज्या फिनलंडच्या टीमनं २०१५ मध्ये काढला, त्यांनी त्याआधी सिटीज इन मोशन नावाचा बस-ट्रामचा गेम केला होता, म्हणजे ट्रॅफिक हा त्या लोकांचा जुना धंदा आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलंच तर ऐकू नका. कारखाने त्या वेशीपासून सगळ्यात लांब टाका, शहराच्या पार पलीकडे, म्हणजे लाकडाचा प्रत्येक ट्रक सोसायटीसमोरून, शाळेसमोरून, दवाखान्यासमोरून जाईल आणि शहर कसं जिवंत वाटेल. जाताना तो फायर ब्रिगेडची गाडीपण अडवेल, पण आग काय रोज लागते का.

नदीचं बघू. पाण्याचा पंप आणि गटाराचा पाइप जवळजवळ ठेवा, पाइपलाइनचा खर्च वाचतो. कोणता वर आणि कोणता खाली, प्रवाह कुठल्या दिशेनं वाहतोय, ते बाण-बिण दाखवतात तिकडे बघत बसू नका. गटार वरच्या अंगाला ठेवून आणि पंप खाली ठेवून मी स्वतः एक अख्खं गाव आजारी पाडलंय, आणि मग त्यावर उपाय म्हणून तीन दवाखाने बांधले, त्यांनाही पाणी त्याच नळाचं. दवाखाने मस्त भरलेले असायचे. बजेटमध्ये आरोग्यावरचा खर्च बघितला तर कुणालाही वाटावं, काय जागरूक महापौर आहे.

दुकानं कुठे? घरांच्या मधोमध, अर्थातच. आपल्याकडे खाली वाणी वर बिऱ्हाड असतंच की, असं म्हणून मी निळ्याच्या दोन्ही अंगाला हिरवं रंगवलं. पण या गेममधल्या माणसाला आवाज सहन होत नाही, निळ्या झोनच्या गोंगाटानं तो चक्क आजारी पडतो. गिरगावात वाढलेला माणूस गणपतीत दहा दिवस जागतो आणि अकराव्या दिवशी कामावर जातो, हे प्रोग्रामरला कोणीतरी सांगायला हवं होतं. असो. पुढच्या वेळी मी दुकानं लांब टाकली, तेव्हा सगळे गाडी काढून निघाले आणि पूल जाम झाला. तुम्ही दोन्ही करून बघा.

आता मुख्य मुद्दा. खालच्या कोपऱ्यात हिरवा, निळा, पिवळा असे तीन पट्टे दिसतात, ती मागणी. हिरवा पट्टा टम्म फुगला की थोडं थोडं रंगवून शहराला हळूहळू वाढू द्यावं असं जाणती मंडळी सांगतात. जाणत्यांना काय, वेळच वेळ आहे. तुम्ही एका दमात सगळं रंगवा, मग पॉज काढा आणि तीन नंबरच्या स्पीडवर टाका. घरं फटाफट उगवतात, गाड्या भरभरून तरणीताठी माणसं येतात, लोकसंख्येचा आकडा बघून आपल्यालाच आपला अभिमान वाटतो. फक्त झालं काय की सगळे एकदम आले, सगळे एकाच वयाचे आले, त्यामुळे म्हातारेही एकदमच होतात आणि मग एका आठवड्यात अख्खा पेठभर भाग, घर नंबर एकपासून शेवटपर्यंत, डोक्यावर कवटीचं चिन्ह लावून बसतो. याला खेळणारे डेथ वेव्ह म्हणतात, लाट. मग तुम्ही स्मशानं बांधायला घेता. एक, दोन, सात. शववाहिका निघतात आणि थेट जाऊन लाकडाच्या त्या ट्रकमागे उभ्या राहतात, कारण वेस एकच आहे आणि रस्ता सहा लेनचा असला तरी सगळ्यांना एकाच लेनमध्ये उभं राहायचंय, कारण पुढे तीन चौक सोडून त्यांना डावीकडे वळायचंय. उरलेल्या लेन मोकळ्या, स्वच्छ, एकदम उद्घाटनाच्या दिवशी असतात तशा. बॉडी बरेच दिवस उचलली गेली नाही की घर ओसाड पडतं, ते पाडलं की तिथे नवीन माणसं येतात. तरणीताठी. एकाच वयाची.

या काळात स्क्रीनच्या वरच्या बाजूचा निळा पक्षी, चर्पर, टिवटिव करून नागरिकांच्या तक्रारी सांगत राहतो. त्याला गप्प करायचा मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवलेली गेमची जोड, मिळतो. बऱ्याच लोकांनी रस्ते सुधारायच्या आधी तोच टाकलाय, आणि महापौराला शोभेल असाच निर्णय आहे तो.

आपल्याला जमत नाही म्हणून खट्टू होऊ नका, ही परंपरा जुनी आहे. शहर वसवायच्याच १९८९ च्या पहिल्या सिमसिटी गेममध्ये हुशार लोकांनी रस्ते काढूनच टाकले आणि सगळीकडे रेल्वेचे रूळ अंथरले, ट्रॅफिकचा प्रश्नच मिटला, दाराबाहेर पाऊल टाकलं की थेट रूळ. २०१३ च्या सिमसिटीत माणूस संध्याकाळी कामावरून निघाला की जे रिकामं घर आधी सापडेल त्यात शिरायचा, सकाळी जी नोकरी जवळ दिसेल ती धरायचा, बायको-पोरं कुठली याची भानगडच नाही. आणि सिमसिटी ३००० मध्ये फिलिपिन्सच्या एका आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यानं कागदावर गणितं मांडून साठ लाख वस्तीचं मॅग्नासांती नावाचं शहर उभं केलं. अख्खं शहर सारखंच, रस्ते नाहीत, सगळी मेट्रो, पोलीस भरपूर, आणि आयुष्य जेमतेम पन्नाशीचं. तुमची रांगोळी त्यापुढे काहीच नाही, लाजू नका.

पार्किंगचं विचारताय? २०१३ वाल्यांनी खरी शहरं मोजली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की खरं पार्किंग दाखवलं तर गेम म्हणजे नुसतं पार्किंगच होईल, मग ते बरंचसं जमिनीखाली आहे असं मानून मोकळे झाले. आमच्या बिल्डिंगच्या ब्रोशरमध्येपण तसंच होतं.

तरीही जाम सुटत नसेल तर गोल चक्कर करा. नाही सुटला तर चक्करमध्ये अजून एक चक्कर. मग फ्लायओव्हर, त्यावर फ्लायओव्हर, आणि त्याच्या खांबांसाठी जी चाळीसेक घरं मधे येतात त्यांना बुलडोझर. नोटीस नाही, पुनर्वसन नाही, स्टे नाही, एक धुराचा फुसका. हे करताना बरं वाटतं, हे मी आधीच सांगून ठेवतो, आणि रात्री दोन वाजता जरा जास्तच बरं वाटतं.

शेवटी नवीन मॅप घ्या. या वेळी सगळं नीट करायचं ठरवा, गाड्या डाव्या बाजूनं चालतील असा ऑप्शन आठवणीनं टिक करा, शहराला नवीनपूर चार असं नाव द्या आणि पॉज करून ब्रश हातात घ्या. जुन्या सेव्ह मात्र उडवू नका. नवीनपूर तीन मी परवा सहज उघडली, तर ती शववाहिका अजून पुलावरच होती, डाव्या लेनमध्ये, इंडिकेटर लावून.