कानाची नस उगवली, पण कुणाच्या कानात?

घरच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज असा: ‘स्टेम सेलच्या एका इंजेक्शनने कानाची मेलेली नस पुन्हा उगवते. इंग्लंडमध्ये सिद्ध झालंय. आता इम्प्लांटची गरज नाही. पेशी स्वतःच्याच, म्हणून धोका शून्य.’

इंग्लंडचा प्रयोग खरा आहे. 2012 साली शेफिल्डमध्ये मार्सेलो रिव्होल्टा यांच्या गटाने मानवी भ्रूणातल्या स्टेम सेलपासून, म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी घडवता येतात अशा मूळ पेशींपासून, तयार केलेल्या पेशी बहिऱ्या जर्बिलांच्या, म्हणजे वाळवंटी उंदरांच्या, कानात सोडल्या. ऐकण्यात सरासरी 46 टक्के सुधारणा दिसली. पण हे उंदीर बहिरे झाले कसे, ते मेसेजवाला सांगत नाही. ओउबेन हे रसायन देऊन त्यांच्या फक्त नसेच्या पेशी मारल्या होत्या; आवाजाच्या कंपनांतून विजेचा संदेश तयार करणाऱ्या केशपेशी शाबूत होत्या. माणसात बहुतेकदा गोम इथेच असते. वय, डीजेचा दणका, जेंटामायसिनसारखी अँटिबायोटिक औषधं या केशपेशींवरच उठतात. एका कानात त्या जेमतेम पंधरा-सोळा हजार, आणि गेल्या की आपल्याला परत येत नाहीत. (कोंबडीला येतात!) केशपेशीच नसतील तर नवी नस मेंदूला कळवणार काय?

‘इम्प्लांट नको’ हे तर धडधडीत उलटं. याच संशोधनातून पुढे आलेल्या पेशींच्या माणसांवरच्या पहिल्या चाचणीला ब्रिटनमध्ये 2025 साली परवानगी मिळाली, ती कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, बसवताना त्याच ऑपरेशनमध्ये पेशी सोडण्यासाठी. इम्प्लांट केशपेशींना वगळून थेट नसेला वीज देतं. नस धडधाकट असेल तर त्याचा उपयोग वाढावा, एवढीच आशा. दंडात सुई टोचून हे होत नाही.

शेफिल्डच्या पेशी ‘स्वतःच्या’ नव्हत्याच. आणि स्वतःच्या म्हणजे निर्धोक? फ्लोरिडातल्या एका क्लिनिकने तीन महिलांच्या पोटातल्या चरबीतून काढलेल्या पेशी त्यांच्याच डोळ्यांत टोचल्या. तिघींची नजर जवळजवळ गेली. 2017 साली हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

जन्मतः बहिऱ्या मुलाच्या आईवडिलांनी हा मेसेज वाचून थांबू नये. बोलणं शिकायची पहिली वर्षं तेवढ्यात निघून जातात, आणि केंद्राच्या एडिप या अपंगांना साधनं देणाऱ्या योजनेतलं इम्प्लांटही लहान वयातच मिळतं. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवणदोषांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत चौकशी करता येते.

कुणी ‘आमच्याकडे चाचणी चालू आहे’ म्हणालं, तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्टेम सेलच्या चाचणीत पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत.